बलदची बस

९ मार्च १९९६ या दिवशी जमालुद्दीन अब्दुल गनी हमदुले सौदी अरेबियात धहरानच्या विमानतळावर उतरला, तेव्हा त्याच्या करारपत्रावर महिना सहाशे पंच्याऐंशी रियाल असा पगार लिहिलेला होता. राहणं कंपनीचं, जेवण ज्याचं त्याचं, रजा दोन वर्षांनी एकदा. काम जुबैलमध्ये बस चालवण्याचं. गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या आपल्या गावात त्याने तोवर चालवलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे मामाचा टेम्पो, आणि त्यात सुक्या मासळीच्या गोण्या असत. मुंबईत तीन महिने राहून त्याने अवजड वाहनाचा परवाना काढला होता खरा. पण एजंटाने अर्जावर परस्पर 'अनुभव सहा वर्षे' असं ठोकून दिलं होतं.

पहिल्याच सकाळी एकोणपन्नास सीटांची बस कॅम्पच्या फाटकातून बाहेर काढताना त्याने कचऱ्याचा पिंप आडवा केला. फोरमन धावत आला.

"छे साल?" त्याने विचारलं.

"साब, हमारे कोकण में रास्ते पे पिंप नहीं होता," जमालुद्दीन म्हणाला.

फोरमन हसला, म्हणून नोकरी राहिली. पुढच्या पंधरा वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा आला नाही.

जुबैलच्या कारखान्यांचा दिवस शिफ्टने चालतो. पहाटे साडेचारला कॅम्पवरून माणसं उचलायची, साडेपाचपर्यंत फाटकाशी सोडायची, आणि संध्याकाळी परत आणायची. मधले दहा-अकरा तास ड्रायव्हरला काही काम नसतं. बाकीचे ड्रायव्हर पत्ते खेळत, झोपत, किंवा गावाकडच्या जमिनीच्या भांडणांवर चर्चा करत. जमालुद्दीन बारावी कॉमर्स झालेला होता. २००१ साली रजेवर गेला असताना त्याने चिपळूणला जाऊन बी.कॉम.ला बाहेरून नाव घातलं, आणि पुस्तकांची एक पिशवी जुबैलला आणली. बस उभी असताना एसी चालू ठेवायला मनाई होती. त्यामुळे तो बसच्या सावलीत पुठ्ठा टाकून बसे, आणि सावली सरकेल तसा पुठ्ठ्यासकट सरके.

"जमाल, डिग्री झाली की गाडीला सातवा गिअर पडेल काय रे?" ड्रायव्हर विचारत.

"रिव्हर्स तरी नीट पडेल," तो म्हणे.

परीक्षा रजेतच द्यायची, आणि रजा दोन वर्षांनी. एक रजा लग्नात गेली, एक वडिलांच्या आजारपणात. पदवीला नऊ वर्षं लागली. २०१० मध्ये निकाल लागला, तेव्हा गावात बायको हफीजा होती आणि दोन वर्षांची मुलगी अदिबा होती. तिला बाप म्हणजे फोनमधला आवाज एवढंच माहीत होतं.

त्या पदवीने काम केलं. कंपनीने त्याला आधी टाइमकीपर केलं आणि वर्षभरात ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. इकाम्यावरचा, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावरचा, हुद्दा बदलला. हुद्दा बदलला की कुटुंबाचा व्हिसा मिळतो. २०११ च्या डिसेंबरात हफीजा आणि अदिबा जुबैलला आल्या.

जुबैलचे दोन भाग आहेत. एक आखीव-रेखीव कॉलनी. तिथे इंजिनिअर, मॅनेजर, बँकवाले राहतात. दुसरा बंदराकडचा जुना भाग, त्याला सगळे बलद म्हणतात. बलदमध्ये भाडं कमी, गल्ल्या अरुंद आणि मासळीबाजार हाकेच्या अंतरावर. जमालुद्दीनने बलदमध्ये दोन खोल्या घेतल्या. हफीजाला कॉलनीचं कधी आकर्षण वाटलं नाही. आठवड्याभरात ती मासळीबाजारात अरबी बोलू लागली. तिचं अरबी तीन शब्दांचं होतं: कितीला, नको आणि खलास. एवढ्यावर तिने बाजारातल्या सगळ्यांना वठणीवर आणलं.

गुहागर-दापोलीकडच्या कोकणी मंडळींची जुबैलमध्ये एक जमात होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर एका हॉटेलच्या माडीवर सगळे जमत, वर्गणी भरत आणि गावाकडच्या शाळेच्या छपराचे, रुग्णवाहिकेच्या डिझेलचे निर्णय इथून घेत. जमातीचं रजिस्टर हुसेनमियाँकडे असे. हुसेनमियाँ साठीला आलेले, क्रेनवरचे जुने फोरमन, आणि रजिस्टरच्या बाबतीत काटेकोर. त्यात दोन पानं ठरलेली होती. पहिल्या पानावर फॅमिलीवाले, म्हणजे ज्यांचं कुटुंब इथे आहे ते. त्यांची वर्गणी वीस रियाल. दुसऱ्या पानावर बॅचलर. गावाकडे बायको आणि चार पोरं असली, तरी इथे एकटा राहतो तो बॅचलरच. त्याला दहा रियाल.

दुसऱ्या पानावरून पहिल्यावर जाणं हा माणसाच्या आयुष्यातला मोठा दिवस असे. त्या शुक्रवारी तो सगळ्यांना चहा आणि मुताबक, म्हणजे तिथला सारण भरलेला पराठा, खिलवी. जमालुद्दीननेही २०११ मध्ये खिलवलं होतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर मात्र कुणी कधी गेलं नव्हतं. त्यासाठी काही नियम नव्हता. तशी वेळच आल्याचं कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

२०१७ नंतर कुटुंब ठेवणं महाग झालं. दर माणशी दर महिन्याची सरकारी फी दरवर्षी वाढत गेली. चौघांचं कुटुंब असलेला फिटर हिशेब करून थके. एकेक कुटुंब गावाकडे परतू लागलं. जमालुद्दीनच्या घरात माणसं तीनच, त्यामुळे तो तग धरून होता. सुपरवायझरच्या पगारात भाडं, फी, शाळा आणि शाळेची बस एवढं बरोबर बसत होतं. वर काही उरत नव्हतं, आणि त्याची त्याला तक्रार नव्हती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शाळेची नोटीस आली. अदिबा तेव्हा नववीत होती. शाळा भारतीय, कॉलनीच्या पलीकडे, बलदपासून बावीस किलोमीटर. नोटिशीत लिहिलं होतं की बलदच्या मार्गावर आता एक्केचाळीसच मुलं उरली आहेत, त्यामुळे पुढच्या एप्रिलपासून ही बस बंद करण्यात येत आहे.

जमालुद्दीनने नोटीस दोनदा वाचली. तो स्वतः पहाटे चारला डेपोत जात असे. टॅक्सीला जाऊन-येऊन ऐंशी रियाल पडत. कॉलनीतलं भाडं त्याच्या निम्म्या पगाराइतकं होतं.

"मग आम्ही जाऊ गावाला," हफीजा म्हणाली. ती मासे साफ करत होती आणि तिने वर पाहिलं नाही. "दहावी गुहागरला करील ती. तुम्ही कॅम्पात राहा. पैसे वाचतील."

"आय अ‍ॅम नॉट गोइंग," अदिबा आतून म्हणाली.

"मराठीत बोल."

"नहीं जाऊंगी, अम्मी!"

जमालुद्दीनने नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली. पंधरा वर्षं तो कॅम्पमध्ये राहिला होता. सहा जणांची खोली, पलंगाखालची पेटी, भिंतीला लावलेला कपड्यांचा दोर. ते दिवस त्याने हसतखेळत काढले होते, कारण ते संपणार हे त्याला माहीत होतं. आता पन्नाशीत तिकडे परत जायचं, याचा विचार तो करू शकत नव्हता.

शाळेची व्यवस्थापन समिती पालकांतून निवडली जाते. तीन वर्षांनी निवडणूक, पाच जागा, एका कुटुंबाला एक मत. ते मत आईने द्यावं किंवा बापाने. परदेशात राहणाऱ्या या माणसांना मत देण्याची एवढी एकच संधी असते. त्यामुळे ती निवडणूक विधानसभेच्या थाटात लढवली जाते. त्या वर्षीचं मतदान दोन डिसेंबरला, शुक्रवारी होतं. बसचा शेवटचा निर्णय नव्या समितीने कायम करायचा होता. अर्ज भरायला चार दिवस उरले होते, आणि उमेदवार पदवीधर असावा अशी अट होती.

शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कने पदवीचा कागद उलटसुलट पाहिला. "जन्म बहात्तर का, और बी.कॉम. दो हजार दस? बहुत लेट हो गया?"

"रास्ते में ट्रॅफिक था," जमालुद्दीन म्हणाला.

ही बातमी जमातीत पोचली तेव्हा हॉटेलच्या माडीवर उत्साहाचं उधाण आलं. आपला माणूस उभा राहतोय! हुसेनमियाँनी रजिस्टर उघडून पहिल्या पानावर तळहात ठेवला.

"बासष्ट घरां आहेत आपली, जमाल. बासष्ट! गेल्या खेपेला पन्नास-पंचावन्नात माणूस निवडून आला होता. तू घरी बसून जिंकलास."

"मियाँ, सगळे देतील ना?"

"देतील म्हणजे? विचार की इथेच." त्यांनी मान वळवली. "काय रे, मत कुणाला?"

"जमालभाईला!" माडी दणाणली. कुणीतरी "आमदार!" म्हणून ओरडलं, आणि तेव्हापासून त्याला तेच नाव पडलं. त्या दिवशी बिर्याणीही झाली. जमालुद्दीन घरी आला तो हवेत तरंगत. हफीजाला त्याने रात्रीच्या जेवणाला बासष्टचा आकडा तीनदा सांगितला.

पुढच्या आठवड्यात मतदारांची यादी शाळेच्या फळ्यावर लागली. जमालुद्दीन दुपारी डेपोतून सुटून गेला. बरोबर रजिस्टरच्या पहिल्या पानाची झेरॉक्स होती. त्याने एकेक नाव यादीत शोधायला सुरुवात केली. सापडलं की पेन्सिलने खूण. पहिल्या दहा नावांत दोन खुणा झाल्या. त्याला वाटलं, आपण स्पेलिंग चुकतोय. त्याने मुलांच्या वर्गावरून शोधलं, इकाम्याच्या नंबरावरून शोधलं. तासाभराने खुणा चौदा होत्या.

अठ्ठेचाळीस घरं या शाळेत नव्हतीच, कारण ती जुबैलमध्येच नव्हती. बायकामुलं कधीच गावाला गेली होती. माणसं कॅम्पात परतली होती, आणि दर महिन्याला पहिल्या पानावर सही करून वीस रियाल भरत होती. माडीवर छातीवर हात मारून मत देईन म्हणणाऱ्या कुणीही खोटं बोललं नव्हतं. मत असतं तर दिलं असतं.

हुसेनमियाँचं नावही यादीत नव्हतं.

जमालुद्दीनने कागदाची घडी केली. चार वर्षांपूर्वी हुसेनमियाँची बायको धाकट्या मुलाला घेऊन मोठ्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गावी गेली होती. तेव्हापासून कुणी विचारलं की मियाँ म्हणत, "येईल पुढच्या महिन्यात." ते नातवंड आता शाळेत जात असणार, हे जमालुद्दीनच्या आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

संध्याकाळी तो मियाँच्या कॅम्पवर गेला. मियाँ पलंगावर बसून पायाला तेल चोळत होते. जमालुद्दीनने यादीचा विषय काढला, पण आकडा सांगितला नाही.

"थोडी कमी भरली घरं," एवढंच म्हणाला.

मियाँनी तेलाची बाटली बंद केली. "किती?"

"चौदा."

मियाँनी बाटलीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट फिरवलं. मग म्हणाले, "माझां नाव तू शोधलंस?"

"शोधलं."

"हां." त्यांनी पाय खाली सोडले. "बिर्याणी तेवढी फुकट गेली रे तुझी."

मग दोघंही हसले, आणि हसणं थांबल्यावर मियाँनी चष्मा पुसायला घेतला. निघताना ते दारापर्यंत आले. "जमाल, चौतीस बसच्या चाव्या तुझ्या ड्रॉवरात असतात ना? शुक्रवारी अर्ध्या बस उभ्याच असतात. बलदच्या लोकांना भरून नेलांस तर कोण विचारतो?"

"मी विचारीन की, मियाँ. शनिवारी लॉगबुक मीच तपासतो."

"मेल्या, तू आमदार व्हायचा नाहीस," मियाँ म्हणाले. पण पाठीवर थाप मारली.

घरी हफीजाने सगळं ऐकून घेतलं. ती अदिबाच्या गणवेशाला बटण लावत होती.

"अवो, तुम्ही मतां मागताव कुणाकडे?" तिने विचारलं. "माडीवरच्या बाप्यांकडे. सकाळी पोरांना बसमध्ये कोण चढवतां? बाप? बापाला बसचा रंग तरी माहीत आहे?"

"कायद्याने आईलाही मत आहे."

"मग तेच सांगतंय मी!"

बलदच्या चार थांब्यांवर मुलांना सोडायला येणाऱ्या एकोणतीस आया हफीजाला नावानिशी ठाऊक होत्या. मल्याळी, तमिळ, हैदराबादी, बिहारी, एक उडिया. कुणाच्या घरी नळाला पाणी येत नाही, कुणाचा नवरा ओव्हरटाइमचे पैसे लपवतो, हेसुद्धा. त्या प्रत्येकीला तिने थांब्यावर गाठलं. बस बंद झाली तर तुझं काय, एवढा एकच प्रश्न. उत्तर सगळ्यांचं सारखंच होतं. अडचणही सारखीच निघाली. त्या शुक्रवारी दोन मोठ्या कारखान्यांत देखभालीचं शटडाऊन चालू होतं, नवरे बारा-बारा तास कामावर. बावीस किलोमीटर जायचं कसं?

याचं उत्तर एका मासेखाऊ बाईने दिलं. हेमलतावहिनी कॉलनीत राहत. मूळच्या अलिबागच्या. नवरा उल्हास एका ठेकेदार कंपनीत फायनान्स मॅनेजर. कॉलनीतल्या सुपरमार्केटमध्ये बर्फात ठेवलेली मासळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. त्यामुळे दर गुरुवारी त्या आपली सात सीटांची गाडी घेऊन बलदला येत आणि हफीजाला पुढे घालून बाजार करत. हफीजाने त्यांना नुसतं सांगितलं, मागितलं काही नाही.

"शुक्रवारी सकाळी आठला येते," हेमलतावहिनी म्हणाल्या. "एका वेळी सहा जणी बसतील. किती फेऱ्या होतील?"

"पण वहिनी, भाऊजी पण उभे आहेत ना समितीला?"

"आहेत की. त्यांना शाळेचा हिशेब कंप्युटरवर आणायचाय. त्यासाठी बायकोने गाडी चालवायची नाही असं काही आहे का?"

मतदानाच्या दिवशी त्यांनी पाच फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत बायका गप्प बसल्या होत्या. तिसऱ्या फेरीपर्यंत गाडीत डबे निघाले. उल्हासराव दुपारी एकला निवांत आले, टेबलाशी इकामा ठेवला. तिथला पालक स्वयंसेवक यादी पाहून म्हणाला, "सर, आपके घर का वोट हो चुका है. मॅडम सुबह डाल के गयीं."

"मैं खुद कॅंडिडेट हूँ!"

"हां सर. पर वोट एक ही है."

उल्हासराव पार्किंगमध्ये गेले. हेमलतावहिनी सहा जणींना उतरवत होत्या.

"हेमा, मत कुणाला दिलंस?"

"गुप्त असतं ते," त्या म्हणाल्या. "बाजूला हो, मला गाडी वळवायची आहे."

संध्याकाळी मोजणी झाली. जमालुद्दीनला एक्कावन्न मतं पडली. सहाव्या नंबरच्या माणसाला एकोणपन्नास. पाचव्या जागेवर, दोन मतांनी, गुहागरचा बसड्रायव्हर समितीवर आला. उल्हासराव सत्त्याण्णव मतं घेऊन दुसरे आले होते, तरी त्यांच्या चेहऱ्यावर एक मत कमी पडल्याचं स्पष्ट दिसत होतं.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी माडीवर हार आणला होता. तो घालण्याआधी हुसेनमियाँनी रजिस्टर उघडलं, पहिल्या पानावरच्या आपल्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि दुसऱ्या पानावर तेच नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग खिशातून दहाची नोट काढून ठेवली.  थोड्या वेळाने रत्नागिरीकडचा एक वेल्डर उठला आणि म्हणाला, "मियाँ, माझां पण करा." त्या दिवशी सत्तावीस नावं हलली. जमातीचं महिन्याचं उत्पन्न दोनशे सत्तर रियालनी घटलं, आणि मियाँनी सगळ्यांना चहा आणि मुताबक खिलवलं.

बसचा विषय जानेवारीच्या बैठकीत आला. पाच माणसं एका लांब टेबलाभोवती. दोघं जण बस बंद करण्याच्या बाजूचे होते, एक डॉक्टर चालू ठेवण्याच्या बाजूच्या. उल्हासरावांनी कागद पुढे सरकवला. जमालुद्दीनशी ते मराठीत बोलत, पण बैठकीत हिंदी. इथे मात्र त्यांना राहवलं नाही.

"जमालभाई, भावनेचा प्रश्न नाहीये. ठेकेदार या मार्गाचे महिना नऊ हजार चारशे घेतो. एक्केचाळीस मुलांचे दीडशेप्रमाणे येतात सहा हजार दीडशे. बाकीचं कुणी भरायचं? दुसऱ्या मुलांच्या फीमधून? तुम्ही पण कॉमर्सचे आहात, तुम्ही सांगा."

"तुमचा आकडा बरोबर आहे," जमालुद्दीन म्हणाला. "वेगळी बस परवडत नाही."

डॉक्टरबाईंनी चमकून वर पाहिलं.

जमालुद्दीनने खिशातून कागद काढला. त्यावर त्याने गेले तीन आठवडे सकाळच्या बसची वेळ टिपली होती. त्याने समजावलं ते असं. कारखान्यांच्या शिफ्टच्या शेकडो बस साडेपाचपर्यंत फाटकांशी पोचतात. रात्रपाळीच्या परत निघतात सव्वासहाला. मधला पाऊण तास हमरस्ता मोकळा असतो. हे नकाशात दिसत नाही, पहाटे स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाच कळतं. कॉलनीची बस कॉलनीतून निघते सहा वीसला. तीच बस आधी पाच चाळीसला बलदला आली, तर पावणेसहाला निघून सहा पाचला शाळेत. मुलं उतरवायची आणि तशीच कॉलनीला जायचं. बस तीच, ड्रायव्हर तोच, ठेकेदाराला फक्त एका जादा फेरीचे पैसे.

"किती घेईल?"

"मी बोललो आहे. चार हजार."

उल्हासरावांनी पेन काढलं, आकडा लिहिला, वजाबाकी केली. पुन्हा केली. "दोन हजार दीडशे शिल्लक पडतात."

"हां."

"पण मुलं सहा पाचला शाळेत येऊन काय करणार?"

"गणिताच्या टीचर बलदलाच राहतात, त्याच बसने येतात. वाचनालय उघडायला त्या तयार आहेत. मी विचारून आलोय."

उल्हासराव खुर्चीत मागे टेकले. "जमालभाई, हे तुम्ही प्रचारात का नाही सांगितलंत?"

"प्रचारात सांगितलं असतं, तर एकीनेही मत दिलं नसतं," जमालुद्दीन म्हणाला.

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. जमालुद्दीनच्या त्या बोलण्याचं कारण पुढे एप्रिलात कळलं. आधीची बस थांब्यावर साडेसहाला येत असे. आता पाच चाळीसला. म्हणजे पोरांना पावणेपाचला उठवायचं, डबा साडेपाचला तयार. पहिल्या सकाळी जमालुद्दीनने मुद्दाम डेपोतून तासाभराची सवड काढली आणि थांब्यावर येऊन उभा राहिला. त्याला वाटलं होतं, दोन शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील.

"भाईसाब, इसके लिये वोट दिया था?" पहिल्याच थांब्यावर बिहारी बाईने विचारलं. तिच्या कडेवरचं पोर झोपेतच होतं.

"मुर्गा भी नहीं उठा अभी," दुसरी म्हणाली.

 मल्याळी बाईंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. हफीजा मजेत बाजूला उभी होती.

"हसतेस काय?"

"कुठे हसतंय? आमदाराच्या बायकोने हसायचां नसतां."

अदिबा बसच्या पायरीवरून वळली. "अब्बा, दिस इज टू मच," ती म्हणाली आणि आत गेली. तिने खिडकीशी जागा पकडली, डोकं काचेला टेकवलं, आणि बस सुटण्याआधीच झोपली. चारही थांबे धरून एक्केचाळीस मुलं चढली. जमालुद्दीनने मोजली. मग बस बंदराच्या वळणावरून हमरस्त्याला लागली. रस्ता त्याने सांगितला होता तसा मोकळा होता.

त्याला आता दोन वर्षं होत आली, आणि ती बस अजून चालते. अदिबा त्याच बसने दहावी झाली. वाचनालयातल्या पहाटेच्या तासांमुळे गणितात तिला शहाण्णव मिळाले, असं गणिताच्या टीचर म्हणत. अदिबा स्वतः म्हणे, ते झोपेत मिळाले. ती आता अकरावीला आहे. हफीजा अजून बलदमध्येच आहे, आणि जमालुद्दीन संध्याकाळी कामावरून येतो तेव्हा घरात दिवा लागलेला असतो आणि तव्यावर काहीतरी असतं. समितीच्या बैठकांत तो फारसं बोलत नाही. पण बस, ड्रायव्हर, पाण्याचा टँकर असला काही विषय निघाला की बाकीचे आपोआप त्याच्याकडे बघतात. निवृत्तीला त्याला आता सात वर्षं आहेत. अदिबाची बारावी होईपर्यंत त्याला यापेक्षा जास्त काही नको आहे.

नव्या वेळा सुरू झाल्या तेव्हा चारही थांब्यांवर वेळापत्रक लावायचं ठरलं होतं. उन्हाने कागद टिकत नाही, म्हणून प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. स्टेशनरीच्या दुकानात जमालुद्दीनचं कार्ड चाललं नाही, म्हणून पैसे उल्हासरावांनी भरले. नंतर देतो म्हणता म्हणता राहून गेलं. गेल्या ऑगस्टमध्ये उल्हासरावांची रियाधला बदली झाली. जमालुद्दीनने फोनवर खात्याचा नंबर विचारला, तर ते म्हणाले, "राहू द्या हो, आलो की माशांवर वळते करू." ते अजून आलेले नाहीत. वेळापत्रकाचे पंचेचाळीस रियाल जमालुद्दीनकडून देणे बाकी आहेत.